सोमवार सोडून

जामच्या चौकात एसटी थांबली. चंद्रपूरकडून येऊन इथे गाडी बदलणारे लोक नेहमी धक्काबुक्की करत चढतात. हा एकटा मात्र पायरीवरच उभा राहिला. दोन्ही हातांत खोकी, खांद्याला पिशवी... आणि प्रश्न साऱ्या गाडीला.

"वर्ध्याला जाते ना? सेवाग्रामवरून?"

कोणी तोंड उघडलं नाही. रजा काढून आईकडे गेलेली दामिनी परतताना खिडकीशी बसली होती, तिनं मान हलवली. तेवढ्यावर विश्वास ठेवून तो तिच्याच शेजारी येऊन बसला.

"हे खोकं पायाशी ठेवलं तर चालेल?"

तिनं मान हलवली.

"खिडकी थोडी... धूळ चालत नाही हो याला. नाजूक आहे."

दामिनीनं काच ओढून घेतली.

"तुम्ही वर्ध्याच्याच का?"

आता मानेनं भागणार नव्हतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हसून हात हलवला. आपल्याकडच्या माणसाला यातून कळतं की बाईचा काही नेम असावा. याला भलतंच कळलं. त्याचा चेहरा कोवळा झाला, आवाज हळू झाला.

"अरे... माफ करा. माझ्या लक्षात आलं नाही. ऐकू येतं ना पण?"

येतं, अशी तिनं मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की दामिनीचं सोमवारी मौन असे. सूर्य मावळून महादेवापुढे दिवा लागेपर्यंत शब्द नाही. आईचं हृदयाचं ऑपरेशन सेवाग्रामच्या दवाखान्यात झालं, त्या रात्री ती व्हरांड्यात बसून बोलली होती, देवा, हिला राहू दे, ती आहे तोवर सोमवार तुझा. आई राहिली. सोमवारही राहिला. चिठ्ठीवर लिहून सांगणंसुद्धा ती टाळत असे. लिहून बोलायचं आणि वर मौन म्हणायचं, ही देवाच्या डोळ्यांत धूळफेक झाली, असं तिचं मत.

कंडक्टर आला. शेजारच्यानं लगबगीनं पैसे काढले. "यांचंही द्या. यांना बोलता येत नाही."

"यायले बोलता येत नाई?" कंडक्टरनं दामिनीकडे पाहिलं. सुट्ट्या पैशांवरून तिनं त्याला मागच्याच आठवड्यात अख्ख्या गाडीसमोर धारेवर धरलं होतं. दामिनीनं डोळ्यांनी विनवलं. तो मिशीत हसला. "बरं बाप्पा. नसंन येत."

तिकिटाचे पैसे दामिनीनं शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवले आणि बोटं मिटवून दिली. त्यानं मग आग्रह केला नाही.

न बोलणाऱ्या माणसाजवळ माणसं फार बोलतात. हाही बोलत सुटला. नाव सुश्रुत. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांना संगणकावरचा पाहुणा पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत नवाच लागलेला. पडद्यावर पाहुणा येतो, खोली मागतो, तक्रार करतो, विद्यार्थी त्याच्याशी बोलतो, यंत्र गुण देतं. वर्ध्याच्या कॉलेजात तो बसवायचा होता. ते जमलं तर नोकरी पक्की.

"एकच अडचण आहे," तो खोक्यावर हात ठेवून म्हणाला. "तिथं एक दामिनी मॅडम आहेत म्हणे. जेवण वाढण्याचं शिकवतात. फार कडक. माझं यंत्र बसलं की त्यांचा हॉल बंद करून तिथं संगणक लावायचे आहेत. हॉल गेला की त्याही... प्राचार्यांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मला म्हणाले, तुम्ही गोड बोलून सांभाळा. आता सांगा, मी कसं सांभाळू?"

दामिनीनं पिशवीला लटकणारं कॉलेजचं ओळखपत्र हळूच पदराआड सरकवलं. बाहेर उन्हात कापसाचा ट्रॅक्टर मागे पडला. सेवाग्रामच्या फाट्यावर ती उतरली, तेव्हा त्यानं खिडकीतून हात हलवला. तिनंही हलवला. आपण असं का केलं, याचा विचार तिनं घरी जाईपर्यंत केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात आला तेव्हा हॉलमधून खणखणीत आवाज येत होता.

"प्रफुल, हा नॅपकिन आहे का दुपट्टा? अन् आचल, तू काऊन हसून राह्यली? तुया टेबलावर काटे उलटे आहेत!"

सुश्रुत दारातच थबकला. काखेतलं खोकं खाली घसरलं. पोरं वळली.

"तुम्ही..." तो म्हणाला, "तुम्ही बोलता?"

"मंगळवारी," दामिनी म्हणाली. "बसा. मीच ती कडक मॅडम."

त्याला बसावंच लागलं. दामिनीनं स्वतः पाणी आणलं, उजव्या बाजूनं पेला भरला. तो नेमका डावीकडे वळून तिला शोधत होता.

"पाणी उजवीकडून देतात," ती म्हणाली. "तुमच्या यंत्राला माहीत असेलच."

"कालचं... मी जे बोललो..."

"फार छान बोललात. गोड बोलून सांभाळायचं होतं ना? सांभाळा."

पोरांना काही कळलं नाही, पण काहीतरी मजेचं चाललंय एवढं कळलं, आणि कॉलेजातल्या पोरांना तेवढं पुरतं.

यंत्र त्याच हॉलच्या भिंतीवर लागलं. दामिनी लांबून पाहत राही. वाईट म्हणायचं ठरवून पाहत होती, पण तसं म्हणता येईना. आचल ही आर्वीकडच्या खेड्यातली मुलगी. इंग्रजीत एक वाक्य विचारलं की तिचे तळवे भिजत. पडद्यावरच्या पाहुण्यासमोर ती चुकली, पुन्हा बोलली, पुन्हा चुकली... पाहुणा हसला नाही. गुरुवारी तिनं एका रागावलेल्या पाहुण्याला शांत करून खोली बदलून दिली आणि स्वतःच टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी दामिनी टेबलावरच्या चादरींना इस्त्री करत होती. दमट कापडाचा उबदार वास दरवळला होता. सुश्रुत वायरी गुंडाळत होता.

"तुमचं यंत्र चांगलं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "त्याचाच राग येतो."

"वाईट असतं तर?"

"तर भांडले असते. चांगल्याशी काय भांडणार?"

तो वायर सोडून उभा राहिला. "हॉलचं मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं की. सर्वांत आधी सांगितलं. खोकं पायाशी ठेवून."

तो हसला तेव्हा त्याच्या बोलण्यावरचा पुण्याचा मुलामा गळून पडला. "तुमाले खरं सांगू? माया बाबांचा कारंज्याले ढाबा आहे. घाडग्यांच्या कारंज्याले, हायवेवर. लहानपणी म्या ट्रकवाल्यांच्या खाटा झटकल्या. पाहुण्याले कसं बसवाव हे मले यंत्रात घालता येते, असं वाटलं होतं. पण..."

"पण काय?"

"पण तुमी चादर घालता तं सुरकुती राहत नाई. ते घालता येऊन नाई राह्यलं."

इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ थांबली. चादरीवर पुसटसा पिवळा डाग उमटला. दामिनीनं ती घडी करून सर्वांत खाली ठेवली.

शुक्रवारी त्यानं तिला विचारलं, मौन कशासाठी? तिनं सांगितलं. त्यानं हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "मोडलं कधी?"

"कधीच नाही. एकदा विंचू चावला, तरी नाही. मोडायची भीती वाटते. आई आहे ना..."

संस्थेचे अध्यक्ष बंडोपंत पाहायला येणार होते. दिवस त्यांच्या सवडीचा ठरला, आणि तो सोमवार निघाला. दामिनीनं हरकत घेतली नाही. तिला बोलायचं कुठं होतं? जे जाणार ते न बोलताही जाईल.

सोमवारी हॉल सजला. शेवंतीची फुलं, पांढऱ्या चादरी, भिंतीवर मोठा पडदा. बंडोपंत पांढऱ्या टोपीत, शेजारी प्राचार्य. दामिनी काळ्या कोटात कोपऱ्यात उभी राहिली. सुश्रुतनं कळ दाबली. पडद्यावरची पाहुणी बाई बोलली, "नमस्कार. माझं आरक्षण आहे."

प्रफुल पुढे आला. हात जोडले. पडद्यासमोर खुर्ची ओढून दिली. पाण्याचा पेला आणून ठेवला, उजव्या बाजूनं. आणि अदबीनं बाईच्या डोळ्यांकडे पाहत उभा राहिला.

"हॅलो?" पाहुणी म्हणाली. "इथे कोणी आहे का?"

प्रफुल आणखी अदबीनं हसला. पडद्यावर शून्य उमटलं.

आचल आली. तिनं हात जोडले, खुर्ची दिली, पाणी ठेवलं. पुन्हा शून्य.

सुश्रुतला कळायला वेळ लागला नाही. या हॉलमध्ये सोमवारी कोणी बोलतच नसे. मॅडमच्या मौनाच्या दिवशी पोरंही तोंड मिटून काम शिकत आली होती. पाहुण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत भरायचा, डोळा उचलला की जाऊन उभं राहायचं. समोर मॅडम, अंगावर गणवेश, वार सोमवार... पोरांच्या जिभा आपोआप टाळूला चिकटल्या होत्या. आणि त्याच्या यंत्राला फक्त कान होते.

प्राचार्यांचा चेहरा लाल झाला. "सुश्रुत, हे काय आहे? आठवडाभर गुण देत होतं ना? बिघडलेला माल आमच्या गळ्यात मारता?"

एक वाक्य पुरलं असतं. मुलं बोलत नाहीत, मॅडमनी तशी सवय लावलीय. यंत्र सुटलं असतं, नोकरी सुटली नसती. पण मग हॉल त्याच मिनिटाला गेला असता, आणि दामिनीही. सुश्रुतनं कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

"चूक यंत्राची आहे, सर," तो म्हणाला.

"मग मी आत्ता तुमच्या साहेबांना फोन लावतो. अशा माणसाला पाठवतात कसे? नोकरीवर ठेवलंच कसं तुम्हाला?"

प्राचार्यांनी फोन कानाला लावला.

"सर, यंत्र चांगलं आहे."

हॉलमध्ये कोणीतरी श्वास आत ओढला. प्रफुलच्या हातातला ट्रे वाजला.

"पोरं माझ्यामुळे गप्प आहेत," दामिनी म्हणाली. "सोमवारी मी बोलत नाही म्हणून ही बोलत नाहीत. सुश्रुत यांचा काही दोष नाही. त्यांना हे माहीत होतं, तरी त्यांनी... सर, फोन ठेवा." मग ती पोरांकडे वळली. "बोला रे. आज बोला."

पोरं बोलली. आचल तर इतकं बोलली की पडद्यावरच्या पाहुणीलाच धन्यवाद म्हणायला फट मिळेना. गुण चांगले पडले. यंत्र पसंत झालं.

बंडोपंत मात्र आपल्या पेल्याकडे पाहत होते. तो केव्हा भरला गेला, त्यांना समजलं नव्हतं. "यंत्र घ्या," ते उठता उठता म्हणाले. "दुपारी त्याच्यावर शिकवा. सकाळी हॉल चालू द्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू." संस्थांच्या भाषेत याचा अर्थ, तूर्त राहिलं. त्यापलीकडे भरवसा कोणी दिला नाही आणि दामिनीनं मागितला नाही.

ती मागच्या व्हरांड्यात गेली. तिनं समुद्रपूरला फोन लावला.

"आई... तू बरी आहेस ना?"

"काऊन व? बरी आहो. वांगे चिरून राह्यली." मग पलीकडे विळी थांबली. "आज सोमवार आहे ना व? तू बोलून राह्यली?"

"मोडलं, आई. उद्या उपास धरते. देवापुढे नाक घासते. पण तू..."

"मले काई झालं नाई. महादेव का इतका हलक्या कानाचा आहे?" आईनं विळी बाजूला सारल्याचा आवाज आला. "कोणासाठी मोडलं, ते सांग."

दामिनीच्या मागे पावलं वाजली. "मी मग करते," असं पुटपुटून तिनं फोन ठेवला.

सुश्रुत खांबाशी उभा होता.

"विंचू चावला तरी नाही मोडलं, असं तुम्ही म्हणाला होतात."

"विंचवाची नोकरी जात नव्हती."

तो हसला नाही. "मले... म्हणजे मला विचारायचं होतं... बाबा-आईले घेऊन तुमच्या घरी... आलो तर चालन का? पुढच्या सोमवारी मले सुट्टी आहे."

दामिनीनं पदर सारखा केला. आंब्याच्या मोहोराचा वास आला, उन्हाचा, दूरच्या फोडणीचाही. व्रत मोडलंच होतं. आणखी एका वाक्यानं ते जास्त मोडणार नव्हतं.

"रविवारी येजा," ती म्हणाली. "सोमवारी नको. सोमवारी मी गप्प असते. अन् 'हो' मले तोंडानं म्हणायचं आहे."