वाळवी लागलेला जिना

या, आत या. दिवे गेलेत, पण कंदील आहे, तेवढ्यावर भागवू. सकाळी तुम्ही विचारलंत ना, मी भिंतीवरच्या या लाकडी कठड्याच्या दांड्याला रोज पॉलिश का करतो म्हणून? हसलात तुम्ही, आणि हसण्यासारखंच आहे ते. पलंगापासून निघतो, भिंतीच्या कडेने जातो आणि त्या ठोकलेल्या फळीपाशी संपतो. पलीकडे काही नाही. बसा, सांगतो.

मी सुतार. वडीलही सुतार. आमचं आधीचं घर शहरात, दुमजली. त्यावर बँकेचं कर्ज, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. आपले हात थरथरायला लागले तरी हप्ता काही थरथरत नाही. बायकोनेच ही वसाहत शोधून काढली. शहराबाहेर, स्वस्त, बैठी घरं, शेजारीपाजारी सगळे आपल्यासारखेच कामातून मोकळे झालेले. मोठं घर विकायचं, बँकेला हात जोडायचे आणि इथे निवांत राहायचं. सगळं अगदी छान जमत होतं. फक्त बाबा त्यात कुठे बसेनात.

बाबांची दृष्टी कधीच गेली होती. पण त्या घरातला जिना त्यांनी स्वतः केलेला, सागवानी. रोज दिवेलागणीला पलंगापासून भिंतीवरचा दांडा धरून ते जिन्याशी यायचे, वर जायचे आणि आईच्या शिवणयंत्रापाशी खुर्चीवर बसून राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिन्याची मधली एक पायरी करकरायची. मी कितीदा म्हटलं, नीट करून देतो. "राहू दे," म्हणायचे, "त्यावरून कळतं मला, अर्ध्यात आलो ते." मला त्यांनी बजावलं होतं, मी आहे तोवर हे घर विकू नकोस. मी हो म्हटलं होतं.

विकलं. आणि त्यांना सांगितलं नाही.

लबाडीलाही कसब लागतं, ते माझ्या हातात होतं. बाबा छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते, तेवढ्या दिवसांत मी इथली ही खोली हुबेहूब त्यांच्या खोलीसारखी केली. तोच पलंग, दारापासून तेवढाच लांब. तेच कपाट. जुन्या घरातल्या भिंतीवरचा तो दांडा सोडवून आणला आणि तेवढ्याच उंचीवर बसवला. जिथे जिना सुरू व्हायचा तिथे ही फळी ठोकली. बाबांना आणलं आणि म्हटलं, "आलं घर." ते दांड्यावरून हात फिरवत फिरवत फळीपाशी येऊन थांबले.

"हे काय?"

"जिन्याला वाळवी लागलीय, बाबा. दुरुस्ती होईपर्यंत वर जायचं नाही."

"जुन्या सागवानाला? वाळवी?"

"होईल लवकर," मी पुटपुटलो. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

त्यानंतर दिवेलागण झाली की बाबा फळीपाशी येऊन उभे राहायचे. तळहात तिच्यावर ठेवायचे आणि परत फिरायचे. मला ते बघवायचं नाही. मी अंगणात निघून जायचो.

एका संध्याकाळी असेच दिवे गेले. बायको भाजी निवडत होती, मी कंदिलाची काच पुसत होतो. आणि करकर झाली. तीच पायरी. आपल्या घरातलं लाकूड सुताराला आवाजावरून कळतं हो. मागोमाग शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला. मग आमच्या डोक्यावर, छपराच्याही वर, सावकाश पावलं चालू लागली.

"अहो..." बायको कुजबुजली. "आपल्या वर... कोण आहे?"

"वर काही नाहीच," मी म्हणालो.

बऱ्याच वेळाने पावलं उतरली. मी कंदील घेऊन धावलो. बाबा पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत होते. फळी जागच्या जागी होती.

"जिना धड आहे की रे," ते म्हणाले. "पण वर कोणाला आणून ठेवलंस? तान्हं मूल रडत होतं. माझ्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग... तुझी आई कोपऱ्यात उभीच होती. तिला बसायला जागा नाही."

घर घेणाऱ्या जोडप्याला तान्हं मूल होतं, आणि वरची खुर्ची नि यंत्र मी त्यांच्याकडेच सोडून आलो होतो. बाबांना ते कळायला काही मार्ग नव्हता.

"घर विकलंस का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. अजून जीव जळतो माझा. तोंडातून निघालं, "काहीतरीच काय, बाबा!"

"मग उद्या तिला खाली घेऊन येतो."

"सांगून टाका हो," जेवताना बायको म्हणाली. "ओरडतील, रडतील, पण खरं कळेल त्यांना." मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या संध्याकाळी मी मनाशी शब्द जुळवत बसलो होतो, तेवढ्यात करकर झाली. मी आत धावलो. बाबा पलंगावर आडवे होते, एक हात दांड्यावर. मी तो हातात घेतला. गार पडला होता. आणि डोक्यावर पावलं चालूच होती...

आता माझ्यावर एका पैचं कर्ज नाही. बायको या वेळेला अंगणात जाऊन उभी राहते. पावलं उतरू लागतात, दोघांची, आणि त्या करकरणाऱ्या पायरीवर थांबतात. मी फळी उखडून पाहिली, मागे नुसत्या विटा. उघडी भिंत बघवेना म्हणून पुन्हा ठोकली. दांडा चकचकीत ठेवतो, म्हणजे बाबा उतरलेच तर हाताला ओळखीचा लागेल. आणि रोज मोठ्याने सांगतो, "बाबा, मी घर विकलं. खोटं बोललो. या ना खाली."

उत्तर एकदाच आलं. रागाचं नव्हतं, तेच सोसवत नाही.

"कसा येऊ रे... जिन्याला वाळवी लागलीय ना. दुरुस्ती होईपर्यंत..."

जरा पाय मागे घ्या. मी कंदील खाली धरतो, फळीच्या बुडाशी बघा. भुगा दिसतोय? सकाळीच झाडून काढला होता. चिमटीत घ्या, वास घ्या. फळी साध्या लाकडाची आहे, भिंत विटांची. हा भुगा जुन्या सागवानाचा आहे, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त पडतोय.