कपड्यांना बांधलेला शब्द

शेपटाच्या धुऊन आलेल्या सदऱ्याला मावशीचं अक्षर लटकत होतं.

भिंगरीनं ते पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला. सदऱ्याच्या काजात दोऱ्यानं बांधलेला जाड कागदाचा तुकडा. एका बाजूला लाँड्रीचा लाल पेन्सिलीतला आकडा. दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात ठसठशीत ‘रन’ हा इंग्रजी शब्द, आणि त्याखाली मावशीचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर : ‘नळ वाहतो आहे, बंद कर.’

शेपूट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथं मागं मागं, म्हणून शेपूट. त्याला सदरा हवा होता आणि ताई तो सोडत नव्हती.

“दे ना ताई. उघडाच जाऊ का खेळायला?”

“आज खेळ बंद,” भिंगरी म्हणाली. “प्राध्यापकाला उठव.”

प्राध्यापक म्हणजे मावशीचा मुलगा. अजून मिसरूड फुटायचं होतं, पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बोलायची सवय लागली होती.

झालं होतं असं. मावशी शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला कोश करत होती. कोशाची कचेरी गल्लीच्या तोंडाशी, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. तिथं भिंतभर लाकडी खण, खणांत कार्डं, आणि ती सांडू नयेत म्हणून प्रत्येकाला भोक पाडून त्यांतून लोखंडी सळई ओवलेली. ‘रन’ हा शब्द दिसायला टीचभर, पण त्याला अख्खा खण लागायचा. माणूस ‘रन’ करतो तेव्हा पळतो. पण नळ वाहतो, नाक गळतं, यंत्र चालतं, मोज्याची वीण उसवते, रस्ता नदीकाठानं जातो, कपड्याचा रंग जातो. त्यांचा उमेदवार निवडणुकीला धावतो, आपला नुसता उभा राहतो! ही वाक्यं मावशीनं पुस्तकांतून घेतली नव्हती. बाजारात, दवाखान्यात, बसच्या रांगेत माणसांच्या तोंडून तिनं ती वेचली होती, देवाच्या फुलांसारखी, एकेक करून, वर्षानुवर्षं.

आणि परवा सकाळी खण उघडला तर आत एकच कार्ड. ‘रन : धावणे.’

सगळी कचेरी पालथी घातली. खिडकी उघडी राहिली असेल, वाऱ्यानं गेली असतील, असं कोणी म्हणालं. संचालकसाहेबांनी मात्र कॅलेंडरकडे पाहिलं. छापखान्याचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी गठ्ठा न्यायला येणार होता. तो चुकला तर शाळा उघडायच्या आत पुस्तक निघणार नव्हतं. तोवर कार्डं सापडली नाहीत तर ‘धावणे, पळणे’ एवढंच छापून मोकळं व्हायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. मावशीनं घरी येऊन, न जेवता, घासलेलीच भांडी पुन्हा घासली. ते भिंगरीच्या मनातून जात नव्हतं.

आज शुक्रवार होता.

दोघांना घेऊन भिंगरीनं लाँड्री गाठली. लाँड्रीवाल्या काकूंनी कानावर हात ठेवले. चोरीमारी त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. वरच्या मजल्यावरच्या टापटीपसाहेबांनीच टोपलीभर कार्डं आणून दिली होती. जाड कागद, कोरी पाठ आणि वर आयतं भोक! खुणेच्या चिठ्ठ्यांना आणखी काय हवं? अर्धे कपडे अजून फळीवर होते, अर्धे घरोघर गेले होते.

टापटीपकाका हे कचेरीतले नवे व्यवस्थापक. आधी एका गोदामात होते. एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या दिसल्या की एक जास्तीची, हा तिथला कायदा त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. भिंगरी जिना चढली आणि तिनं ते कार्ड त्यांच्या स्वच्छ टेबलावर ठेवलं.

काकांचा चेहरा उतरला.

“मला वाटलं, एकच माल पुन्हा पुन्हा लिहिलाय,” ते पुटपुटले. “सगळ्यांवर रनच रन.”

“मग मावशी शोधत होती तेव्हा का नाही सांगितलंत?”

“ती जमिनीवर बसून कपाटाखाली हात घालत होती गं. माझं तोंडच उघडेना.”

संचालकसाहेबांच्या कानावर घालावं, असं प्राध्यापकाचं मत पडलं. भिंगरीनं नकारार्थी मान हलवली. चौकशीतच संध्याकाळ झाली असती.

“काका,” तिनं विचारलं, “हातगाडी ढकलता येते का?”

आधी फळीवरचे कपडे. काकूंची एकच अट होती, खूण सुटली तरी कपडा चुकता कामा नये. टापटीपकाकांनी बाह्या सरसावल्या. एक कार्ड सोडायचं, तोच आकडा घातलेली नवी चिठ्ठी बांधायची, मगच पुढच्या कपड्याला हात. इतक्या शिस्तीत काम चाललं की काकू बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, या माणसाला खालीच ठेवून घेते.

मग गाडी निघाली. पुढं भिंगरी, मागं शेपूट, गाडीला काका, आणि कुठल्या आकड्याचं घर कुठं ते काकूंच्या वहीत बघून सांगायला प्राध्यापक. फळीवरचे कपडे पोचवायचे, आधी गेलेल्या कपड्यांची चिठ्ठी मागायची. केरात गेलेल्या चिठ्ठ्या केरातून काढल्या, त्याचं वर्णन न केलेलं बरं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चिठ्ठीची वाचनखूण केली होती, आणि प्रकरण संपेपर्यंत ती हलवणार नव्हते. शेपूट शेजारी बसून त्यांची पानं उलटत राहिला, आणि वैतागून त्यांनी खूण देऊन टाकली. एका बाईंच्या डुगडुगत्या टेबलाखाली ‘यंत्र चालू आहे’ची घडी होती. काकांनी गुडघे टेकून तिथं असा नेमका पुठ्ठा बसवला की टेबल आधीपेक्षा ठाम झालं.

दवाखान्यातला कंपाउंडर मात्र हटून बसला. ‘नाक गळतं आहे’ हे कार्ड त्यानं रांगेच्या वर चिकटवलं होतं. प्राध्यापकानं शब्दकोशाच्या महत्त्वावर भाषण केलं. कंपाउंडरनं जांभई दिली. भिंगरीनं चॉक घेऊन तेच वाक्य दवाखान्याच्या फळ्यावर एवढं मोठं लिहिलं की रस्त्यावरूनही वाचता यावं. तो खूश झाला आणि कार्ड सुटलं.

दुपार कलताना कार्डांचा ढीग कचेरीच्या फरशीवर आला. पण ढीग म्हणजे काही कोश नव्हे. प्राध्यापक म्हणाला, अक्षरांच्या क्रमानं लावू या. भिंगरीला ते पटेना. दिवसभर ती दारोदार हीच वाक्यं वाचत फिरली होती, आणि तिला त्यांची घरं कळायला लागली होती.

“काय चाललंय ते बघ ना,” ती म्हणाली. “पायांनी चालणारं इथं. पाण्यासारखं वाहणारं तिथं. माणूस चालवतो ते दुकान, यंत्र या कोपऱ्यात.”

नळ आणि नाक शेजारी बसले, रंग त्यांच्या पलीकडे. वीण आणि रस्ता कुठं ठेवायचे यावर दोघं कडाकडा भांडली. दारात मावशी केव्हाची उभी होती. मुलं मांडत होती तो तिचाच क्रम होता.

संचालकसाहेब आले, पाठोपाठ लाँड्रीवाल्या काकू. काकूंच्या हातात कुणाच्या तरी खिशात राहून धुतलं गेलेलं एक कार्ड होतं. पांढरं, कोरं. शाईचा ठिपकाही उरला नव्हता.

मावशीनं फरशीवरून नजर फिरवली. “आईचा गुण मुलीत उतरतो, इंग्रजीत तो रक्तातून ‘रन’ होतो ना, तो अर्थ राहिला. फार सुंदर वाक्य मिळालं होतं. आता काही केल्या आठवत नाही.”

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “एका कार्डावाचून काही अडत नाही. ऊठ गं मुली, सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणे.”

भिंगरी उठली नाही. कोपरांना धूळ, केसांत दोरे, डोळे लाल. “अडतं,” ती म्हणाली. “एखाद्या मुलीनं नेमका तोच अर्थ शोधायला पुस्तक उघडलं तर?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

“भाची शोभते तुमची,” ते म्हणाले. “हट्ट रक्तातच आहे तुमच्या.”

प्राध्यापकाचा चष्मा नाकावरून पार घसरला.

“साहेब,” मावशी सावकाश म्हणाली, “पुन्हा एकदा म्हणा.”

त्यांनी म्हटलं. या वेळी जरा खाकरून, ताठ उभं राहून. मावशीनं नवं कार्ड घेतलं आणि ‘हट्ट रक्तातच आहे’ असं वाक्य उतरवलं. वाक्य कोणाच्या तोंडचं आणि कोणाविषयीचं, हे ती प्रत्येक कार्डाच्या तळाशी लिहून ठेवी. तिथं तिनं लिहिलं : ‘संचालक, माझ्या भाचीविषयी.’

खाली छापखान्याच्या माणसानं घंटी वाजवली. टापटीपकाका सळई हातात धरून थांबले होते, लेकराला अंगडं घालायला थांबावं तसे.

“शाई ओली आहे,” मावशी म्हणाली आणि तिनं कार्ड भिंगरीपुढं धरलं. “तूच फुंकर घाल.”