आठ जणांचं टेबल

बाजारातून फोम घेऊन मिस्त्रीणबाई परत आली तेव्हा भरदुपारी कारखान्यातलं मशीन बंद होतं. तिचा पाय दारातच थबकला. काम हातात असताना मशीन बंद ठेवील, असला तिचा नवरा नव्हता.

काम होतं पत्त्यांच्या टेबलाचं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या घरी दर रविवारी आठ दोस्त पोकर खेळायला जमत, त्यांच्यासाठी. आठ माणसं, आठ बाजू. लाकूडकाम मिस्त्रीचं, वरचं हिरवं कापड ताणायचं आणि कडेला कोपर टेकायला गादी करायची ती मिस्त्रीणबाईने. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर मिस्त्रीने घेतलेलं हे पहिलंच काम. "हे चुकलं तर हत्यारं विकून टाकीन," असं तो बोलून बसला होता, आणि तो बोलला की करणारा. तीस वर्षं लाकडात घालवलेला माणूस घरात नुसता बसला तर सहा महिन्यांत त्यालाच वाळवी लागेल, हे ती पक्कं ओळखून होती.

"अहो, काय झालं?"

त्याने नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं.

अक्रोडाच्या लाकडाचे आठ तुकडे गोलाकार मांडले होते. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना साडेबावीस अंशाचा काप. असे आठ तुकडे लावले की वळसा पुरा होतो. सुताराच्या पोराला हे बोलता येण्याआधी कळतं. इथे वळसा पुरा होत नव्हता. फट राहिली होती. फट कसली, एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा.

"डोळे गेले माझे," मिस्त्री म्हणाला. "संपलं सगळं."

"डोळे नाही, अक्कल गेली. सरका बाजूला!"

कोन मोजायची पट्टी घेऊन तिने सोळाच्या सोळा टोकं तपासली. केसभर फरक नाही. मग स्वतःच्या हाताने आठही तुकडे परत मांडले. फट तेवढीच.

मिस्त्रीणबाई कुणाच्या बापाला न भिणारी. पण आता ती त्या फटीपासून दोन पावलं मागे सरली. ताज्या कापलेल्या लाकडाचा जड, गोडसर वास कारखान्यात भरला होता. लाकडाच्या काळसर रेघा एका तुकड्यातून दुसऱ्यात नदीसारख्या वाहत होत्या आणि त्या मोकळ्या जागेपाशी येऊन थांबल्या होत्या. कुणाची तरी वाट बघावी तशा.

"अजून एक तुकडा कापा," ती हळूच म्हणाली.

"खुळी झालीस? साडेबावीसच्या कोनात नऊ बसतील कसे?"

"कापा म्हणते ना..."

नेमका एक तुकडा निघेल एवढीच फळी उरली होती. त्याने कापला. ठेवला. टक् असा बारीक आवाज झाला, आणि वळसा मिटला. रेघेला रेघ मिळाली. सांधे कुठे आहेत ते बोटालासुद्धा लागेना. मिस्त्रीने पेटवायला काढलेली बिडी गुपचूप खिशात परत ठेवली.

"इतकं बेमालूम काम... मी जन्मात केलं नाही गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी बघून तिने नऊ तुकड्यांचा हिशोब तिथेच सोडला.

दोन दिवसांनी टेबल उभं राहिलं. कडेवर नुसता फोम चिकटवून तिने आठही जणांना बोलावलं. गादी शिवण्याआधी माणसाला बसवून, दोन्ही कोपरं टेकवून, प्रत्येक कोपराभोवती खडूने वर्तुळ काढायचं, ही तिची पद्धत. नऊ बाजू का, असं कुणी विचारलंच तर काय फेकायचं, ते तिने जिभेवर तयार ठेवलं होतं. पण कुणी विचारलंच नाही.

"ह्या जाड्याचं नीट घ्या हं, मिस्त्रीणबाई. कोपराआधी ह्याचं पोट टेकतं!" औषधवाला म्हणाला.

"पोटालाही खाच ठेवते. बोला, अजून काय?"

सगळे हसले. ती एकेकाजवळ वाकत, खडू फिरवत टेबलाभोवती सरकत गेली. मध्ये रिकामी खुर्ची लागली नाही.

"झकास," उठताना औषधवाला म्हणाला. "एकही जागा जास्त नाही, एकही कमी नाही. माझ्या कपाटांचं कामही आता तुमच्याकडेच, मिस्त्री."

आठ जण गेले. तिने दारातून मोजून आठ जाऊ दिले. मग वळून खडूची वर्तुळं मोजली.

अठरा.

परत मोजली. अठरा. सगळी तिच्याच हातची.

मिस्त्री शीळ घालत आत आला. तिच्याकडे बघून शीळ तुटली. "काय मोजतेस? चुकलं का... काही?"

"तुमचा हात चुकतो होय? जा, चहा सांगून या. कपाटांचं काम आलंय, हत्यारं घासायला घ्या."

तो हसत गेला. पोरसवदा चालीने गेला.

ती टेबलाकडे वळली. फोम हळूहळू फुगत वर येत होता. सोळा वर्तुळांतले खळगे भरून आले. दोन नाही आले. आणि ती बघत होती तेवढ्यात ते दोन आणखी थोडे खाली दबले, समोरचे पत्ते बघायला माणूस पुढे झुकावा तसे.