मानेतली करडई

वैजिनाथप्पा त्या दिवशी केजला निघाले ते एका साध्या कामासाठी. मान दाखवायची होती. नेकनूरच्या पेठेत त्यांचं दोर-कासऱ्यांचं दुकान. दावी, वेसणी, म्होरक्या, बैलांच्या घुंगरमाळा. दुकानाच्या पाठीमागं दोन खोल्या, त्यात ते एकटेच राहायचे. सकाळी शटर ओढलं, फाट्यावर येऊन जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, जरा सरका." त्यांनी सवयीनं मान वळवून जागा बघितली.

कर... कर... कर... आणि मग एकच मोठा, कट्.

शेजारच्या म्हातारीनं दचकून बघितलं. "काय मोडलं बाबा?"

"काय न्हाई मावशी. मान हाय."

"अशी वाजती?"

वैजिनाथप्पा कसनुसं हसले. मान वाजायला लागून दोन महिने झाले होते. आता त्या आवाजाची त्यांना लाज वाटत नव्हती. खरं सांगायचं तर तो थांबावा म्हणूनही ते डॉक्टरकडे चालले नव्हते. तो आवाज नेमका कुणाचा आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ते कसं विचारायचं, हे मात्र केज येईपर्यंत सुचलं नाही.

कारण तो आवाज आधी शांतादेवींचा होता.

पस्तीस वर्षांचा संसार. घुंगरमाळा ओवायचं काम शांतादेवींकडं. मागच्या दाराशी एक लाकडी खुर्ची होती, उजेड चांगला यायचा तिथं. दुपारची भांडी आवरली की त्या खुर्चीत बसायच्या, मान खाली घालून दिवेलागणीपर्यंत एकेक घुंगरू दोऱ्यात ओवायच्या. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांची मान वाजायला लागली. मान उचलली की तीन बारीक आवाज आणि एक मोठा. घरात दुसरं कुणी नसलं की तो दुकानापर्यंत ऐकू यायचा.

"अहो, मानेत कोणतरी करडई मळतंय बघा," त्या म्हणायच्या.

"वय झालं गं. माझे गुडघे न्हाई का वाजत?"

"एकदा केजला दाखवू की."

"दाखवू. बाजार होऊ दे."

बाजार काय, दर आठवड्याला व्हायचा. एकदा शांतादेवी तेलाची वाटी घेऊनच दुकानाच्या उंबऱ्याशी आल्या. पदर सावरत, हळू आवाजात म्हणाल्या, "दोन बोटं तेल तरी चोळता का? माझा हात मागं पोचत न्हाई."

वैजिनाथप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक नव्हतं. दुकान रिकामं होतं, रस्त्यावर ऊन पडलेलं होतं, चिटपाखरूही नव्हतं. नुसती लाज वाटली त्यांना. कुणी बघितलं तर काय म्हणेल, एवढंच. शांतादेवींनी रिकाम्या दुकानावर एकवार नजर फिरवली आणि वाटी घेऊन आत गेल्या. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात वैजिनाथप्पा माल आणायला बीडला गेले. संध्याकाळी पाचला परत आले तेव्हा मागचं दार उघडं होतं. शांतादेवी खुर्चीत बसलेल्या. मांडीवर अर्धी ओवलेली माळ. मान डाव्या खांद्यावर कललेली. त्यांना वाटलं, डोळा लागलाय. हाक मारली. मग हात लावला. मग दाराच्या चौकटीला धरून ते तसेच खाली बसले.

गावातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, हृदय बंद पडलं. दुपारीच गेल्या असतील.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला झोपवून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसवूनच नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. मुलगा रवी पुण्याहून येईपर्यंत रात्र झाली. सकाळी शांतादेवींना नवं लुगडं नेसवून, कपाळभर विभूती लावून बसवलं. सगळं झालं, पण मान सरळ होईना. ती तशीच डावीकडं कललेली राहिली होती, जणू खांद्यावरच्या कुणाचं ऐकतायत.

विधी सांगायला आलेले स्वामी हळूच म्हणाले, "वैजिनाथप्पा, मुख समोर पाहिजे. तुम्हीच हात लावा. हळू करा."

वैजिनाथप्पा मागं जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या मानेला चारचौघांत हात लावला. दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं आणि हळूहळू वर आणलं.

कर... कर... कर... कट्.

बायकांचं रडणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. मान सरळ झाली होती.

त्याच संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, वैजिनाथप्पांनी पाणी पिण्यासाठी मान मागं टाकली आणि त्यांच्या मानेतून तसाच आवाज आला. तीन बारीक, एक मोठा. तांब्या त्यांच्या हातातून सुटला.

केजचा डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा होता. त्यानं मानेचा फोटो काढून घेतला, तो उजेडावर धरून बघितला.

"घाबरण्यासारखं काही नाही काका. सांध्यात तेलासारखं पाणी असतं. त्यात हवेचे बुडबुडे धरतात, ते फुटले की कट् वाजतं. कधी शिरा हाडावरून सरकतात, त्याचाही आवाज होतो. आणि वयाप्रमाणे तुमचे मणके थोडे झिजलेत, म्हणून ती करकर. हाताला मुंग्या येतात? चक्कर? हातातून वस्तू पडतात?"

"एकदाच पडला तांब्या."

"दुखतं का?"

"अजिबात न्हाई."

"मग झालं तर. नुसता आवाज असेल तर त्याच्याबरोबर राहायचं. उशी पातळ घ्या. तासन् तास मान खाली घालून बसू नका."

वैजिनाथप्पांनी सदऱ्याची गुंडी लावली. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्ये एकाचं दुसऱ्याला लागतं का?"

डॉक्टर हसला. "सर्दी आहे का ती? थांबा, ऐकून तर बघू." त्यानं नळी कानाला लावली, दुसरं टोक त्यांच्या मानेवर टेकवलं. "वळवा. हं. आता इकडं. हं... बास. आता हलू नका."

वैजिनाथप्पा हलले नाहीत. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर नजर लावून बसले.

कर... कर... कर... कट्.

"हललात काका."

"न्हाई."

डॉक्टरनं डाव्या हातानं त्यांचं कपाळ घट्ट धरलं, उजव्या हातानं नळी मानेवर दाबली. श्वास रोखून ऐकत राहिला. पुन्हा तसाच आवाज आला. हाताखालचं डोकं तसूभर हललं नव्हतं. डॉक्टरनं कानातून नळ्या काढल्या आणि का कोण जाणे, वळून आपल्या पाठीमागच्या भिंतीकडं बघितलं.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"कोण न्हाई."

"चार दिवस पट्टा बांधा," डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाला. त्यानं पुन्हा वर बघितलं नाही. "आणि... मुलाकडं जाऊन राहा थोडे दिवस. एकटे राहू नका."

पट्टा चांगला घट्ट होता. हनुवटीपासून खांद्यापर्यंत मान अशी आवळलेली की जेवताना घास बघायचा तर ताटच वर उचलावं लागे. पहिला दिवस शांत गेला. वैजिनाथप्पांना घर मोठं वाटायला लागलं. दोन महिने त्यांना सोबत होती, हे त्यांच्या त्या दिवशी ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ते दुकानात बसले होते. वीज गेलेली, पंखा बंद. टांगलेल्या कासऱ्यांना नव्या सुताचा वास सुटलेला. पेठेत कुठंच काही हलत नव्हतं. आणि आवाज आला.

त्यांच्या मानेतून नाही. पाठीमागून. आतल्या खोलीतून.

वैजिनाथप्पा उठले. मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून आत गेले. मागच्या दारातून उन्हाची तिरीप खुर्चीवर पडली होती. खुर्ची रिकामी होती. ते बघत असतानाच त्या रिकाम्या खुर्चीतून, बसलेल्या माणसाची मान असते बरोबर त्या उंचीवरून, आवाज आला. कर... कर... कर... ओवता ओवता कुणी दमून मान वर उचलावी तसा. कट्.

भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आलाही. पण त्यापेक्षा जास्त त्यांना शरम वाटली. ते खुर्चीच्या समोर जमिनीवर बसले आणि बसून राहिले. दर थोड्या वेळानं आवाज येत होता. तिला किती वेळा मान उचलावी लागायची, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

फोन वाजला. रवी होता.

"आप्पा, डॉक्टर काय म्हणाले?"

"काय न्हाई. बुडबुडे हायेत म्हणले."

"मागं काय वाजतंय?"

"वारा हाय."

खुर्चीतून पुन्हा आवाज आला. मग रवी अगदी हळू आवाजात म्हणाला, "आप्पा... मी सुट्टीला यायचो ना... तेव्हा आई मागच्या दाराशी बसून असंच..."

"व्हय."

"आप्पा, तुमी इकडं या. आजच्या आज या. तुमची सून पण म्हणतीय."

"येतो," वैजिनाथप्पा म्हणाले. "एवढा बाजार होऊ दे."

म्हणाले आणि आपलेच जुने शब्द त्यांच्या कानावर आले. फोन कधी बंद झाला ते कळलं नाही.

दिवेलागणीला त्यांनी चुलीवर तिळाचं तेल कोमट केलं. पट्टा सोडून खुंटीला अडकवला. वाटी घेऊन खुर्चीच्या मागं उभे राहिले, पण हात कुठं ठेवावा ते समजेना. हवेत हात फिरवताना स्वतःचंच वाईट वाटलं. शेवटी ते खुर्चीत बसले, तळहातावर तेल घेतलं आणि आपलाच हात आपल्या मानेच्या मागं नेला.

बोटं मानेला लागली, आणि ते जागच्या जागी थिजले.

मान बारीक होती. थंड होती. केसांच्या अंबाड्याखालचे बारीक, ओलसर केस बोटांना लागत होते. गळ्यात वर्षानुवर्षं मंगळसूत्राचा दोरा घातलेल्या जागी कातडीला खाच पडलेली होती. वैजिनाथप्पांच्या गळ्यात कधीच दोरा नव्हता. त्यांच्या बोटांना मान लागत होती, पण त्यांच्या मानेला बोटं लागत नव्हती.

त्यांनी हात काढला नाही. काढावासा वाटला, पण काढला नाही. हळूहळू चोळायला लागले. कातडीखाली गाठी होत्या, घुंगरांसारख्या टणक, एकाखाली एक. एकेका गाठीवर बोट फिरवलं की बारीक करकर व्हायची आणि गाठ विरघळायची.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

 मान हाताखाली थोडी सैल झाली.

"लई उशीर केला म्या," ते म्हणाले. "शांता... त्या दिवशी गिऱ्हाईक न्हवतं. दुकानात कोण न्हवतं."

बाहेर अंधारून आलं. वाटीतलं तेल संपत आलं तेव्हा शेवटचा एक आवाज झाला, करडईचा एखादा दाणा फुटावा एवढाच. मग बोटांखाली एकदम ऊब लागली, खरखरीत कातडी लागली, आणि त्यांना आपल्या मानेवर आपलीच बोटं जाणवली.

त्यांनी मान डावीकडं वळवली. उजवीकडं वळवली. वर केली, खाली केली. काही नाही. सगळं घर चिडीचूप. वैजिनाथप्पांनी तेलकट हात तोंडावर धरले. माती देताना ते रडले नव्हते. ते आता, त्या खुर्चीत बसून, लहान पोरासारखे रडले. आपल्या हातांनीच आपण तिला वाटेला लावलं, असं त्यांना वाटलं.

सकाळी उशिरा त्यांनी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून छबुबाई आली. ती मूळची चकलांब्याची. पाठीमागच्या गल्लीत लेकीकडं राहायला येऊन तिला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तिला शेळीसाठी दावं पाहिजे होतं. वैजिनाथप्पांनी दोर मापला, कापला, टोकाला गाठ मारायला घेतली.

"आप्पा, काल पावनी आलती का तुमच्याकडं?" छबुबाईनं विचारलं.

"न्हाई. कावून?"

"दिवेलागणीला तुमच्या मागच्या दारानं येक बाई निघाली की. नवं लुगडं, कपाळभर इबूत. म्या दारात शेण टाकीत हुते. म्हणलं, बाई, अंधार पडाय लागला, येकटीच कुठं चाललीस? तशी थांबली. मान वळवून माज्याकडं बघून हसली. लई ग्वाड बाई."

गाठ मारता मारता वैजिनाथप्पांचे हात थांबले.

"काय... काय म्हणली?"

"म्हणली, येकटी कावून, ते येतेत की मागनं." छबुबाईनं दावं हातात घेऊन ओढून बघितलं. "म्या लई वेळ वाट बघितली. कोणच आलं न्हाई."

वैजिनाथप्पा दुकानाच्या उंबऱ्याशी आले. "मग... कुणीकडं गेली ती?"

"गेली कुठं आप्पा?" छबुबाई म्हणाली. "फाट्यावर बसलीय की. आत्ता येताना बी बघितली म्या. ह्याच बाजूला बघत हुती."