बाळीच्या पाळण्याखालचं लोखंड

रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आमचे हे घरी आले आणि हातातलं गोणपाट त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातच टाकलं. धप्प आवाज झाला. मी म्हटलं, "हळू. आत्ता कुठे झोपलीये ती." सगळं तिथून सुरू झालं.

तुमच्यापैकी काही जणांनी ही गोष्ट ऐकलीही असेल. माझे सासरे सांगतात. जेवणं उरकली की गल्लीतली कॉलेजची पोरं आमच्या पायरीवर येऊन बसतात. सासरे घसा खाकरतात आणि सुरू करतात, "माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या घरी घडलेलं आहे हं. खोटं असेल तर जीभ झडेल." हा ओळखीचा मिस्त्री म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा. त्या घरातली घाबरट सून म्हणजे मी. बाळीला मांडीवर घेऊन मी आतून ऐकत असते. कुठे आवाज उतरवायचा, कुठे नुसतं गप्प बसायचं, कुठे पोरांना हसवायचं, सगळं त्यांना चोख जमतं. फक्त शेवट ते सांगत नाहीत. त्याचाच मला राग येतो, आणि म्हणून मी हे लिहायला बसले.

तर गोणपाट. मी विचारलं, "आता हे काय आणलंत?"

"तुझंच काम आहे. पाळणा सरकतो म्हणत होतीस ना?"

आमच्या घरात दुकानातून आलेल्या वस्तू कमी. बसायचं बाकडं ट्रकच्या सीटचं, पडद्याची दांडी सायलेन्सरच्या नळीची, दारावरची घंटा स्कूटरच्या हॉर्नची. पाहुणा आला की शेजारी दचकून रस्ता सोडतात, असं सासरे म्हणतात. पाळणा टांगायची लोखंडी घोडीही यांनीच जोडलेली, पण ती हलकी. बाळी दहा महिन्यांची. ती लाथा मारायला लागली की पाळणा खोलीभर फिरायला निघायचा.

गोणपाटात लोखंडाचा एक ठोकळा होता. जाड रबरात धरलेला, दोन्ही बाजूंना बोल्ट लावायचे कान. हात लावला तर गार. बाळीएवढाच लांब, पण उचलायला मला दोन्ही हात लागले.

"गॉगलवाल्याच्या गाडीतून काढलाय," हे म्हणाले.

त्या माणसाला नाव आहे, पण रात्री गॉगल लावून गाडी चालवणाऱ्याला मी दुसरं काय म्हणू? त्याची गाडी उघड्या टपाची.

"टप नसला की गाडीचं अंग ढिलं पडतं," हे सांगत होते. "झाकण काढलेला डबा कसा दाबला की वाकतो, तसं. मग खडबडीत रस्त्यावर सगळी गाडी थरथरते. म्हणून कंपनी मागच्या कोपऱ्यांत असे ठोकळे बसवते. डँपर म्हणतात. गाडीची थरथर हा स्वतःच्या अंगावर घेतो. बसणाऱ्याला कळतही नाही."

"मग काढला कशाला?"

"साहेबांना गाडी हलकी पाहिजे. जोरात पळवायला. म्हणाले, कंपनीवाले उगाच भरती करतात."

"आणि थरथर कुठे जाणार?"

"ती त्यांची ते बघतील."

हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलंय. तेव्हा मात्र मी यांच्या हातात बोल्ट देत होते. यांनी ठोकळा घोडीच्या खालच्या पट्टीला दोन बोल्टनी आवळला, पाळण्याला एक झोका दिला. घोडी जागची हलली नाही. मी खूश झाले. सासरे हे सांगायला बरे विसरत नाहीत.

त्याच रात्री मला जाग आली ती कडीच्या आवाजानं. पाळण्याची कडी बारीक किणकिणत होती. झोका नव्हता. पाळणा जागच्या जागी थरथरत होता, एसटीची खिडकी थरथरते तसा. मी घोडीला हात लावला आणि माझ्या दातांपर्यंत झिणझिण्या आल्या. मग ते थांबलं.

सकाळी यांना सांगितलं. "खालची पाण्याची मोटर चालू असेल."

"रात्री कोण पाणी चढवतं?"

"अगं, झोप पुरी होत नाही तुझी. म्हणून असं वाटतं."

बाईनं काही पाहिलं की तिची झोप अपुरी, आणि पुरुषानं पाहिलं की ती गोष्ट होते. असो.

पुढच्या शनिवारी रात्री आम्ही तिघंही जागे होतो. बाळी पाळण्यात झोपलेली, सासरे खुर्चीत, हे जेवत होते. कडी किणकिणायला लागली. मी नुसतं बोट दाखवलं. यांनी घास ताटात ठेवला.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. गॉगलवाला. हात खरकटा होता म्हणून यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मिस्त्री, मानलं तुम्हाला. पक्ष्यासारखी पळतेय. थोडी थरथरते, पण मजा येते. एक मिनिट, समोर खड्डा आहे…"

पाळणा दाणकन उडाला.

बाळी जागी झाली. सासरे उभे राहिले.

"साहेब," हे हळूच म्हणाले, "जरा गाडी थांबवता का?"

"का हो? बरं, थांबवली."

कडी गप्प झाली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"आता… जरा पुढे घ्या."

कडी वाजायला लागली.

यांचा चेहरा मी तोवर कधी असा पाहिला नव्हता. मी बाळीला झडप घालून उचललं. वाटलं, पाळणा गेला खड्ड्यात, लेकरू माझ्या हातात आहे.

बाळी माझ्या हातात थरथरत होती.

ताप आल्यावर अंग कापतं, ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. एकसारखं. यंत्रासारखं. तिचे नवे आलेले वरखालचे दात एकमेकांवर वाजत होते.

"थांबवायला सांगा त्याला," मी म्हटलं.

"साहेब, गाडी थांबवा. आमच्या मुलीला… तुमची गाडी चालली की आमची मुलगी थरथरते."

तो हसला. मोकळेपणानं हसला. "मिस्त्री, घेतलीये का आज? माझी गाडी इथे, तुमची मुलगी तिथे. बघू हं, आणखी जोरात घेतो, मग काय होतं."

आणि त्यानं घेतली.

बाळीची मान मागे गेली. डोळे पांढरे. तोंड उघडलं, सगळं उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ… आणि आवाज नाही. मूल जिवाच्या आकांतानं रडतंय आणि आवाज नाही.

मी यांच्यापुढचा फोन उचलला. ओरडले नाही. ओरडायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. म्हटलं, "माझी मुलगी तुमच्या गाडीत आहे. मागे बघा."

"अहो ताई, काय…"

मग काही नाही.

वाऱ्याचा आवाज. त्याच्या श्वासाचा आवाज. आणि मागून… लांबून… रडणं.

आईला आपल्या लेकराचं रडणं ओळखायला शिकवावं लागत नाही. ती बाळीच होती. तिच्या मागे तसंच आणखी एक रडणं ऐकू येत होतं. मला वाटलं, आवाज घुमतोय.

"ताई," तो म्हणाला. "मागची सीट रिकामी आहे, ताई…"

"इंजिन बंद करा."

त्यानं बंद केलं. बाळीचं अंग सैल पडलं. तोंड मात्र उघडंच. आवाज अजून तिकडेच.

"आता ढकलत आणा. हळू. खड्डा दिसला तर वळसा घाला. माझ्या पोरीला एक जरी गचका बसला ना, तर तुमच्यात नि माझ्यात आज एकच जण उरेल."

हे धावत निघाले. तो मोठ्या रस्त्याच्या टोकालाच होता, नशीब. मी दारात उभी राहिले. सासरे शेजारी. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप नसतं, त्यांनी त्या वेळी फक्त बॅटरी शोधून आणली. रस्त्यावरचा एकेक दगड मला बाळीच्या पाठीत कळत होता.

मग गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं दिसली, वाकून गाडी ढकलणारी. दिवे बंद. गाडी जवळ येत गेली तसं रडणंही जवळ येत गेलं. रिकाम्या सीटवरून. शेजारच्या घरात दिवा लागला आणि लगेच विझला.

गॉगलवाला घामानं निथळत होता. मी म्हटलं, "गॉगल काढा आधी. माणसाशी बोलताय." त्यानं काढला. पोरगाच होता. मागच्या सीटकडे नजर जाऊ देत नव्हता. मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही.

यांनी पाळण्याखालचा ठोकळा सोडवला. गाडीचा मागचा बंपर उतरवला. सासऱ्यांनी बॅटरी धरली. "उजेड हलवू नका, बाबा," हे म्हणाले. "मी नाही हलवत," सासरे म्हणाले, "हात हलतोय." उजव्या कोपऱ्यात ठोकळा जागेवर बसला. पहिला बोल्ट. दुसरा बोल्ट. पान्याचा शेवटचा पीळ…

बाळीनं माझ्या कानात भोकाड पसरलं.

इतकं गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

सासऱ्यांची गोष्ट इथे संपते. पोरं सुस्कारा टाकतात, कोणीतरी विचारतं, "खरंच का हो आजोबा?" सासरे म्हणतात, "मग? मी बॅटरी धरणाऱ्याला ओळखतो." हशा होतो. पोरं घरी जातात.

पण तेव्हा आमच्यापैकी कोणी हसलं नव्हतं. बाळी माझ्या खांद्यावर रडत होती, आणि गाडीतलं रडणं थांबलं नव्हतं.

एक थांबलं होतं. दुसरं चालू होतं. डाव्या बाजूला.

मी यांना विचारलं, "डाव्या कोपऱ्यातला ठोकळा कुठे आहे?"

हे पाना पुसायला लागले.

"अहो, मी विचारतेय."

"भंगारात टाकला. गॅरेजच्या दाराशी. भंगारवाला घेऊन गेला."

उजाडल्यावर आम्ही भंगारवाल्याला गाठलं. त्याला ठोकळा आठवत होता. "वाटेत एका बाईनं मागून घेतला," तो म्हणाला. "कडेवर लेकरू होतं. जड वस्तू हवी होती तिला काहीतरी. कशाला, ते मी विचारलं नाही. फुकट देऊन टाकला. लेकुरवाळी होती." कोणती बाई, कुठलं घर, काही माहीत नाही. त्या दिवसापासून आम्ही किती दारं वाजवली. लोक आधी हसतात, मग दार लावतात.

गॉगलवाला गाडी न्यायला आला नाही. बोलावलं तर फोन उचलत नाही. गाडी आमच्या दाराशी ताडपत्रीखाली उभी आहे. मी तिला कोणाला धक्काही लावू देत नाही, कारण तिला बसलेला गचका कोणाच्या अंगात जाईल, ते मला माहीत आहे.

सासऱ्यांना मी तोंडावर म्हटलं, "बाबा, गोष्ट सांगता तर पुरी सांगा."

"पोरं घाबरतात, सूनबाई. झोप लागत नाही त्यांना."

"नको लागू दे. एखादं पोर घरी जाऊन पाळण्याखाली वाकून तरी बघेल."

ते पायरी झाडायला उठले. दुसऱ्या रात्री पुन्हा बॅटरीवरच थांबले.

कुठेतरी एक आई आपल्या लेकराला या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे नेत असेल. कान बघतील, घसा बघतील. कालपर्यंत रडणारं मूल नुसतं तोंड का उघडतं, ते कोणाला सांगता येणार नाही. तिचं लेकरू रोज रात्री माझ्या दाराशी रडतं. बाळी झोपली की मी जाते, ताडपत्रीला हात लावून बसते, जरा गुणगुणते. हळूहळू ते शांत होतं. मी काही त्याची आई नाही. कशानं शांत होतं, कोण जाणे.

सकाळी ताडपत्री सोडून बघते. दोऱ्या मी बांधलेल्या, गाठी तशाच असतात. डाव्या बाजूची सीट ओली असते, तळहाताएवढी. पाण्यानं नाही. वास घेतला की कळतं. दूध असतं… कोमट, कुठेतरी आत्ताच पाजलेलं.

हे ज्याच्या हाती पडेल त्यानं पुढच्याला सांगा. सगळ्यांना सांगा, पायरीवर बसणाऱ्यांनाही. लेकुरवाळ्या घरात कुठेही, पाळण्याखाली, झोळीखाली, रबरात धरलेला लोखंडी ठोकळा दिसला तर त्याला हिसका देऊ नका. बोल्ट हळू सोडा. लेकराला घेऊन ठोकळ्यासकट आमच्याकडे या. रात्री आलात तरी चालेल. मी जागीच असते.