धूर न सोडणारी गाडी

"पोलिसांनी मले विचारलं तं मी काय सांगू?" संघर्षनं विचारलं.

"तुले कोण विचारते बे? गप बस," सुवर्णा म्हणाली.

संघर्ष गप बसला, पण जेमतेम दोन मिनिटं. साखरखेर्ड्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला हा दहा वर्षांचा आतेभाऊ झोपेतसुद्धा बडबडायचा. एरवी सुवर्णाला त्याची गंमत वाटायची. आज मात्र तिला कुणाचाच आवाज नको होता.

देऊळघाटच्या फाट्यावरचं तिच्या दादाचं, प्रसेनजितचं, गॅरेज सताड उघडं होतं आणि मधली जागा रिकामी होती. सकाळी तिथं बाबांची राजदूत मोटारसायकल उभी होती. बाबा, म्हणजे शंकरराव, दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली धूळ खात पडली होती. यंदा दादानं ती बाहेर काढली आणि तिची कॅफे रेसर, म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी गाडी, करायला घेतली. उंच हँडल काढून खाली वाकलेलं बसवलं. लांब सीट गेली, एकट्यापुरती कुबडाची सीट आली. मडगार्ड, कॅरिअर, साडी-गार्ड, सगळं उतरवलं. जुन्या गाड्यांना असं नवं रूप द्यायला शहरातले हौशी लोक दादाकडे यायचे. ही गाडी मात्र घरची होती. ती कधीच विकायची नाही, असा शब्द त्यानं आईला दिला होता.

आणि आज सकाळी दादा किल्ली खिळ्याला लटकवून चहाला गेला, तेवढ्यात गाडी गेली. समोरच्या पंक्चरवाल्यानं आल्हादला ती नेताना पाहिलं होतं. आल्हाद म्हणजे बुलढाण्यात क्लार्क असलेल्या गोपाळकाकांचा कॉलेजात जाणारा मुलगा. 'एक चक्कर मारू दे,' म्हणून तो महिनाभर दादाचं डोकं खात होता. शेगावच्या मित्रांना ही गाडी दाखवायची, असंही एकदा बोलला होता. तेवढ्यावरून दादानं पोलिसात तक्रार दिली आणि गॅरेजातल्या दुसऱ्या गाडीवर एका हवालदाराला मागे बसवून शेगावच्या रस्त्याला लागला.

"रिंग जाऊन राह्यली, अन् उचलत नाही. चोर कुठला," जाताना आल्हादला फोन लावत तो म्हणाला होता. आई, भिमाबाई, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि सुवर्णाला तेच सगळ्यात जास्त लागलं होतं.

दुपारी हिमानी सायकल रेटत आली. हिमानी सुवर्णाच्या वर्गातली, आणि आल्हादची धाकटी बहीण. तिचे डोळे सुजले होते.

"माझा दादा चोर नाहीये," ती म्हणाली.

"मग गाडी कुठं आहे?"

"मला नाही माहीत. पण तो आईला सांगून गेलाय, जेवायला येतो म्हणून. आईनं त्याचं ताट वाढून झाकून ठेवलंय. शेगावला जाणारा माणूस असं सांगेल का?"

"हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणाले, तू लहान आहेस."

सुवर्णा तिच्याशी आयुष्यात बोलणार नव्हती, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. पण त्या झाकलेल्या ताटानं तिला विचारात पाडलं. जेवायला येणारा माणूस लांब जात नाही. मग मोठी माणसं त्याला लांब कशाला शोधत होती?

"चला," ती उठली. "पुढच्या फाट्यावर विचारू."

पुढच्या फाट्यावर, तलावाचा रस्ता फुटतो तिथं, गोजरबाई टरबुजं विकायला बसायची. तिच्या नजरेतून कुत्रंसुद्धा सुटत नसे.

"गेलं ना ते पोट्टं इकडून," ती म्हणाली. "पाझर तलावाच्या रोडनं गेलं. सकाळीच सांगतलं असतं, पण मले कोणी इचारलंच नाही. माय वं, काय गाडी बनवली तुह्या भावानं! धूर तं नावालेबी नोता. शंकररावाची गाडी जायाची तं माही टरबुजं काळी पडत."

संघर्ष हसला. सुवर्णा हसली नाही.

"खरंच धूर नव्हता, मावशी?"

"नाई वं. एकदम साफ."

जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते जळतं, म्हणून निळा धूर निघतो. सुट्टीत ऑइल मोजून मिसळण्याचं काम सुवर्णाचंच होतं. काल ती बाटली घेऊन आली तेव्हा दादा म्हणाला होता, "आज नको. टाकीतला गंज खंगाळाले नुसतं पेट्रोल टाकलं. उद्या पाहू." म्हणजे टाकीत ऑइलचा थेंब नव्हता आणि गाडीवर तशी चिठ्ठीही नव्हती.

"इंजिन तापून जाम होईल," ती कसंबसं म्हणाली. "अन् मागचं चाक चालता चालता अडकंन."

"मंग काय होते?" संघर्षनं विचारलं.

"मंग माणूस फेकल्या जाते."

हिमानीनं लगेच सायकल तलावाच्या रस्त्याकडे वळवली. गोजरबाईच्या फोनवरून सुवर्णानं दादाला फोन लावला. तो एकसारखा बिझी लागत होता. आल्हादला फोन करण्याचा त्याचा सपाटा अजून चालूच होता. शेवटी दादाला निरोप द्यायचं गोजरबाईला सांगून तिघं दोन सायकलींवर निघाली.

तो रस्ता तलावापाशी संपतो, आणि तलाव उन्हाळ्यात कोरडा असतो. तिकडे कोणी फिरकत नाही. वरून ऊन ओतत होतं, दोन्ही बाजूंना बाभळी आणि त्यांची तुटपुंजी सावली. संघर्षसुद्धा गप्प झाला होता. सुवर्णा पॅडल मारत होती आणि तिला सकाळचं आठवत होतं. 'पडला पाहिजे मेला,' असं ती मनात किती वेळा म्हणाली होती. आता ते शब्द परत घ्यायची सोय नव्हती.

उतारावर तिनं ब्रेक दाबला. डांबरावर टायरची एक काळी रेघ उमटली होती. थोडी सरळ, मग वाकडी, मग रस्त्याच्या कडेला संपलेली. खाली नाल्यात नुसती झुडपं दिसत होती.

"दादा!" हिमानी ओरडली. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. काहीच नाही.

आणि मग झुडपात फोन वाजला.

तिघं काट्यांनी ओरबाडून घेत खाली उतरली. आल्हाद गाडीखाली पडला होता. एक पाय अडकलेला, ओठ सुकून पांढरे. त्यानं डोळे उघडले, पण हिमानीला ओळखलं की नाही, कळेना. तिघांनी गाडी उचलायचा प्रयत्न केला. ती हलेना. ओढायला गेली, तर जाम झालेलं चाक फिरेना.

"थांबा," सुवर्णा म्हणाली. तिनं वाकून गियर चाचपला आणि गाडी न्यूट्रलला आणली. इंजिनापासून चाक सुटलं. आता ते फिरत होतं. तिघांनी जीव खाऊन गाडी बाजूला सरकवली. आल्हाद एकदा किंचाळला आणि मग कण्हत राहिला. हिमानीनं बाटलीतलं पाणी त्याच्या ओठांना लावलं.

फोन पुन्हा वाजला. सुवर्णानं तो उचलला.

"कुठं आहेस बे चोरा? आज तुले—"

"दादा, मी सुवर्णा बोलून राह्यले. तलावाच्या उतारावर ये. अँबुलन्स घेऊन ये. त्याचा पाय मोडला." ती थांबली. सांगावं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं. "अन् दादा, टाकीत ऑइल नोतं."

दादा अँबुलन्स घेऊनच उतारावर आला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ त्या उन्हात गेला असता तर काही खरं नव्हतं. हवालदारानं हिमानीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं ऐकायले पाह्यजे होतं पोरी," तो म्हणाला, आणि ते त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. दादानं तक्रार मागे घेतली. "त्यानं न विचारता नेली, हे खरं. पण पाय माह्या चुकीनं मोडला," असं त्यानं गोपाळकाकांना स्वतः सांगितलं. दोन दिवसांनी ग्रामपंचायतीत तिघांचा सत्कार झाला. टाळ्या वाजल्या. संघर्षनं न सांगता भाषणही ठोकलं.

नारळ हातात घेऊन सुवर्णा गॅरेजमध्ये आली. दादा खाली बसला होता, पुढ्यात बाबांचं इंजिन उघडं. पिस्टन सिलिंडरला घट्ट चिकटला होता आणि आतली भिंत उभी ओरबाडून निघाली होती. आतले भाग बदलावे लागणार होते; हे इंजिन आता बाबांनी चालवलेलं राहणार नव्हतं. दादाच्या खांद्यांची हालचाल बघून तिला कळलं की तो रडतोय. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता.

ती त्याच्या शेजारी बसली.

"बाबा असते तं काय म्हणले असते?" तिनं विचारलं.

"लय बोलले असते," दादा म्हणाला. "आता कोण बोलते मले?"

सुवर्णानं नारळ बाजूला ठेवला आणि कमरेवर हात देऊन ती उभी राहिली.

"काऊन बे," ती म्हणाली. "डोकं गहाण ठेवलं काय तू? किल्ली खिळ्याले अन् तू चहाले? लोकाचं लेकरू गेलं असतं म्हणजे? त्याच्या मायले काय तोंड दाखवलं असतं तू?"

दादानं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हाव," तो म्हणाला. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पाना मागायला हात पुढे केला.