कोनाड्यातलं ताक

लाईट काय आता यायची न्हाई. त्यो मोबाईल ठेव खाली, शिवतेज, आन् ऐक. नाथाजी माझ्या वळखीचा, जतच्या अलीकडं वस्तीवर ऱ्हातो. मिलिटरीतनं आला आन् पांढरं फिनेल इकाय लागला. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत भरायचा. चिठ्ठी न्हाई, खूण न्हाई.

औंदा चैतातल्या अवसेला, रात्री साडेनऊला, गाडीवर दोन कॅन बांधून त्यो जतच्या मंगल कार्यालयाकडं निघाला. काम साधंच. पन बारा दिस त्याच्या पोटात एक गोष्ट कुजत व्हती.

आपल्यात ताक कुनी इकत न्हाई, मागंल त्याला देत्यात. बयाबाई धनगरीन मेंढरं नेताना त्याच्या दारात रोज तांब्या पुढं करायची. बारा दिसांमागं एका दुपारी बायकू रंगूबाई टँकरच्या रांगंत गेल्याली. ह्यो बाजल्यावर लोळतच म्हनला, "कोनाड्यात बाटली हाय, घ्या वतून, मावशी." कोनाड्यात बाटल्या दोन, एकसारख्या; एक ताकाची, एक फिनेलची. म्हातारीचं नाक पडशानं चोंदल्यालं. उन्हाची तहान, तिनं घटाघटा पिलं. तिथंच तोंडाला फेस आला.

दवाखान्यात डॉक्टरनं तीनदा इचारलं, "काय प्यायल्या या?" तीनदा नाथाजी म्हनला, "ताकच." धंदा बसंल म्हनून! थू असल्या जिनगानीवर. खरं बोलला असता तर म्हातारी कदाचित वाचली असती. पहाटं गेली बिचारी. बुडाला नाव कोरल्याला तिचा तांब्या लेकानं तिच्यासंगं मातीत ठेवला.

तर त्या अवसेच्या रात्री, वढ्याच्या मोरीवर गाडी बंद पडली. मेंढराची घंटी वाजली. मेंढरू कुठंच न्हाई. मग वास आला. फिनेलचा. त्यानं कॅन चाचपलं. झाकनं घट्ट...

मागच्या शिटावरनं आवाज आला.

"नाथा... ताक हाय का रं?"

त्यानं मागं बघितलं न्हाई. तोंडात कायतरी आलं. चिकाट. फेसाळ. थुकला. परत आलं. परत थुकला...

गाडी ढकलत घर गाठलं. रंगूबाई कोनाड्यापाशी उभी. हातात तांब्या. काठोकाठ पांढरं.

"आवं, ह्यो कुनाचा? बुडाला वली माती लागलीया."



तिनं वास घेतला. "ताकच हाय की."

त्याच्या नाकात फिनेल. तिनं तांब्या तोंडाला लावला...

"नगं, रंगू! फिनेल हाय त्ये! बयाबाईला मीच... डॉक्टरला मी खोटं सांगितलं."

रंगूबाईनं तांब्या हळूच कोनाड्यात ठेवला. नवऱ्याकडं घान बघावी तसं बघितलं. सकाळी बयाबाईच्या लेकाला सगळं सांगून तिनं म्हायेर गाठलं.

तांब्या अजून तिथंच हाय. आख्खा उन्हाळा गेला, थेंबभर आटलं न्हाई. येनाऱ्या-जानाऱ्याला ताज्या ताकाचा वास येतो. एकटा नाथाजी तेवढा नाकाला फडकं लावून बसतो.